माकुळाची शाई

शेडचा भोंगा वाजला की आम्ही दोन मिनिटांत बाहेर. हातावर पाणी, तोंडावर पाणी, डबा उचलला की फाटक. तो मात्र मागच्या नळाला थांबायचा. आधी कपड्याचा साबण, मग बारीक वाळू, मग जुन्या टूथब्रशने एकेक नख, मग पुन्हा साबण. मोजून वीस मिनिटं. मी हे एकतीस वर्षं पाहिलं. वर्षाचे तीनशे दिवस आणि आठ तासांची पाळी धरली, तर सव्वा वर्षाचं काम त्याने त्या नळाखाली केलं.

कारण हाताला शाई. मासळीच्या शेडमध्ये तो माकूळ साफ करायचा. माकूळ म्हणजे हाडं नसलेला, नळीसारख्या अंगाचा, डोक्याला दहा हात आणि पोटात काळ्या शाईची पिशवी असलेला समुद्रातला जीव. एका हाताने नळी धरायची, दुसऱ्या हाताची दोन बोटं आत सरकवून डोकं ओढायचं. ओढ सरळ हवी. तिरकी गेली की पिशवी आतच फुटते आणि पांढरं मांस काळं होतं. मग पाठीतली काचेसारखी पात झटक्यात काढायची, साल सोलायची, माल बर्फाच्या पाण्यात टाकायचा. नवा माणूस दहांत तीन पिशव्या फोडतो. हा शंभरात एक. तरी शेवटी पिशव्या कापून वेगळ्या कराव्या लागतातच आणि तिथे हात काळे होतात. मी बर्फ ओढायचो, सगळ्यांच्या टेबलांपर्यंत. मला सगळे बर्फवाला म्हणत. कोण किती काम करतो हे बर्फ ओढणाऱ्याला जितकं कळतं तितकं मुकादमालाही कळत नाही. त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही.

आणि त्याने आयुष्यात माकूळ चाखला नव्हता.

त्याला आम्ही पंचनामा म्हणायचो. शेडमागे एक तळं होतं. एका कडक उन्हाळ्यात तिथले मासे मरून वर आले. शेडमधले सगळे टोपल्या घेऊन धावले. हा काठावर काठी घेऊन उभा आणि एकेक मासा उलटा करून बघतोय.

"काय शोधतोस?" मी विचारलं.

"हा कसा मेला ते."

मागून कोणीतरी म्हणालं, "पोलिसांना बोलावू का? रीतसर पंचनामाच करून घे." नाव पडलं ते पडलंच. मुकादमही हजेरीला तेच नाव घ्यायचा.

मला त्याने नंतर समजावून सांगितलं. जाळ्यात मेला, चालतो. उन्हाने, थंडीने, लाटेने बाहेर फेकला जाऊन मेला, चालतो. आपलं आपण मरून पोट वर करून तरंगला, तो नाही.

"आणि माकूळ?"

"तो मासा नाही. आमच्यात पाण्यातला फक्त मासा चालतो. खेकडा नाही, शिंपल्या नाहीत, माकूळ नाही."

"कोळंबी?"

"तिच्याबद्दल दोन मतं आहेत."

"म्हणजे तू खातोस."

"म्हणजे खातो."

हसला नाही, पण मिशी हलली. असा माणूस. माकूळ खायचा नसला तरी साफ करायला हरकत आहे का, हेसुद्धा तो नोकरीला लागण्याआधी मौलवीसाहेबांना विचारून आला होता. विचारल्याशिवाय काही करायचा नाही. फुकट मिळालेला मासा असो की उधार मागितलेली सायकल, आधी चार प्रश्न.

लग्न झालं आणि महिन्याभरात तो शेडला लागला. भाभी समुद्राकाठच्या गावची. वडिलांची होडी, घरात रोजचं जेवण पाण्यातलं. नव्या घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, इथे बाजारात माकूळ मिळतो का. तो म्हणाला, "आपल्यात ते चालत नाही." ती म्हणाली, "बरं." विषय संपला.

शेडच्या पहिल्या दिवशी तो तसाच घरी गेला, काळ्या हातांनी. भाभीने हात धुवायला पाणी आणलं, जवळ आली, वास घेतला आणि तोंड फिरवून आत निघून गेली. त्याने ओळखलं, हिला किळस आली. एकेकाळी खायची, आता सोडलं, म्हणून जास्तच. दुसऱ्या दिवसापासून नळ, वाळू, टूथब्रश. हे त्याने मला कधीतरी डबा खाताना सांगितलं होतं. मला ते आवडलं होतं. दमल्यावर वीस मिनिटं उभं राहून बायकोसाठी नखं घासणारा दुसरा माणूस आमच्यात नव्हता. माझ्या बायकोला मी ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "आणि तुम्ही बर्फाचे बूट घालून बिछान्यापर्यंत येता."

मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन लांब गेली. मग भाभी आजारी पडली. पोटात गाठ. डॉक्टरांनी उघडून पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. म्हणाले, जे आवडेल ते द्या, पथ्य नाही. ज्याला पथ्य नाही त्याचं काय झालेलं असतं हे आम्हा सगळ्यांना कळतं.

तो रोज काहीतरी घेऊन जायचा. फळं, मऊ भात, दूध, बिस्किटं. ती दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची. "काय खावंसं वाटतं सांग," तो रोज विचारायचा. ती म्हणायची, "काही नाही."

मग एक दिवस मी त्याच्या टेबलाकडे बर्फ नेला आणि थांबलो. सकाळचे दहाही वाजले नव्हते आणि त्याच्या परातीतलं पाणी काळं होतं. चार पिशव्या फोडल्या होत्या. त्या टेबलावर चार पिशव्या अख्ख्या दिवसात फुटत नसत.

"काय झालं?"

"ती माकूळ मागतेय."

"मग दे."

"दे काय. ती मुसलमान आहे, मी मुसलमान आहे." त्याने पात काढली, ती मधेच तुटली. "शेवटच्या दिवसांत तिच्या पोटात हराम गेलं तर जबाबदार कोण? मी. नाही दिलं आणि ती तशीच गेली, तर कोण? मीच."

"भाभी काय म्हणते?"

"एकदाच म्हणाली. काल संध्याकाळी. मी गप्प बसलो तर म्हणाली, राहू दे, सहज म्हटलं. सहज म्हणणाऱ्यातली ती नाही."

"तुझे मौलवीसाहेब आहेत ना. सगळं विचारतोस, हेही विचार."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं गेलो. तो एकटा जाईना म्हणून मी बरोबर. मशिदीला लागून एक छोटी खोली होती. मौलवीसाहेब चष्मा पुसत बसले होते. म्हातारे, मृदू बोलणारे. मी दाराशी बसलो. त्याने सगळं सांगितलं. गाठ, डॉक्टर, माकूळ. मग विचारलं, "मरणाऱ्या माणसाची इच्छा म्हणून काही सवलत आहे का?"

मौलवीसाहेबांनी त्यावर काहीच सांगितलं नाही. उलट विचारलं, "तुमची बायको कुठल्या घरची?"

"समुद्राकाठची. वडिलांची होडी होती."

"नमाजात वाकण्याआधी ती हात खांद्यापर्यंत उचलते का?"

तो जरा थांबला. "उचलते."

"तुम्ही उचलता?"

"नाही. मला वाटायचं, बायकांची पद्धत असेल."

"किती वर्षं पाहताय?"

"एकतीस."

मौलवीसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ती शाफी आहे. तुम्ही आणि मी हनफी. आपल्या इमामांच्या मते पाण्यातला फक्त मासा चालतो. तिच्या इमामांच्या मते माकूळ चालतो. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. ती तिच्या बापाच्या वाटेवर चालत आली आहे. तिच्यासाठी माकूळ हराम नव्हता. कधीच नव्हता. तिला मना कोणी केलं?"

खोलीत पंखा फिरत होता. त्याने पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी."

"तिला विचारलं होतं?"

"नाही. सांगितलं होतं."

मौलवीसाहेब रागावले नाहीत. रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "आज शिजवून द्या. तुम्ही खाऊ नका, तिला द्या. आणि माफी माझ्याकडे मागू नका."

परत येताना रस्त्यात तो एकच वाक्य बोलला. "तळ्यातल्या माशाला विचारलं, बर्फवाल्या. हिला नाही."

शेडमध्ये येऊन त्याने मुकादमाकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि तीन माकूळ. मुकादमाने डोळे वर केले. "पंचनामा, तू नेतोस? कोणासाठी?" तो म्हणाला, "घरी." मुकादमाने पुढे विचारलं नाही. त्याने ढिगातले सगळ्यात लहान, वीतभर लांबीचे तीन निवडले आणि तिथेच साफ केले. मी पाहत होतो. एकतीस वर्षांतलं त्याचं सगळ्यात चांगलं काम ते. शाईचा ठिपका नाही, सालीचा कण नाही. मग पिशवीत बर्फ घातला, तिन्ही त्यावर ठेवले आणि निघाला. नळाजवळून तसाच गेला. घाईत होता.

"तू चल," मला म्हणाला.

"मी कशाला?"

"मीठ कोण बघणार?"

खरंच होतं. जे शिजवायचं ते त्याला जिभेला लावायचं नव्हतं. माझ्या घरी पाण्यातलं काहीही चालतं. मी गेलो.

तिसरा मजला, छप्पन्न पायऱ्या. दोन खोल्या. आतल्या खोलीत खिडकीशी खाट, बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात शेगडी, मधलं दार उघडं. भाभी खाटेवर उशीला टेकून बसली होती. अर्धी उरली होती. मला बघून पदर सारखा केला. "या भाऊ. आज सुट्टी कशी?"

त्याने पिशवीतून एक छोटी कढई काढली. येताना विकत घेतली होती.

भाभीने ती पाहिली, मग पिशवीतला बर्फ पाहिला, मग त्याचं तोंड. सगळं कळलं तिला. "नवी कढई?"

"घरच्या भांड्यात कसं..."

"एकतीस वर्षं मी तुमच्या भांड्यात जेवले. माझं काही बिघडलं?"

तो शेगडीकडे वळला. माकुळाच्या चकत्या केल्या. तेल, लसूण, मीठ, बस. कापण्याचं काम सुरेख. पण शिजवण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. एक माकूळ टाकला आणि ढवळत राहिला. मासा कच्चा राहिला तर बाधतो हे त्याला माहीत, म्हणून ठेवतच गेला. चांगली पंधरा मिनिटं. मग एक चकती माझ्यासमोर धरली.

मी चावली. पुन्हा चावली.

"कसा आहे?"

"सायकलच्या ट्यूबसारखा."

आतून आवाज आला. भाभी हसत होती. हसताना पोट धरावं लागत होतं. "किती वेळ ठेवलात?"

"पंधरा मिनिटं."

"आणि म्हणे शेडमधले मोठे कारागीर." मग दम घेऊन म्हणाली, "कढई आधी कोरडी तापू द्या. मग तेल. धूर दिसला की टाका. लसूण शेवटी, नाहीतर करपतो. पांढरं होऊन कड वळली की खाली. मोठ्याने मोजा. शंभरच्या पुढे जाऊ नका. आई मोजायची."

तो कढई हातात धरून उभाच राहिला. ज्या बाईने एकतीस वर्षं हा जिन्नस शेगडीवर ठेवला नव्हता, तिला आकडासुद्धा पाठ होता.

मग त्याने तसंच केलं. कढई तापवली. धूर दिसला. दुसरा माकूळ टाकला आणि मोठ्याने मोजायला लागला. एक, दोन, तीन. साठनंतर तो आकडा चुकला, तेव्हा आतून भाभीने मोजायला सुरुवात केली. तिचा आवाज बारीक, पण आकडे बरोबर. पंच्याण्णवला त्याने कढई उतरवली. मी चाखलं. मऊ होतं. मीठ कमी होतं, ते सांगितलं. त्याने चिमूटभर घातलं.

तिने पहिली चकती बराच वेळ चावली. डोळे मिटलेले. आम्ही दोघं उभे, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे.

"आईचा याहून मऊ असायचा," ती म्हणाली. मग दुसरी घेतली.

दुसरी खाताना तिने ताटली धरलेला त्याचा हात पाहिला. नखं काळी, बोटांच्या पेरांत काळं. "आज धुतले नाहीत?"

"राहून गेलं. थांब, आलोच धुऊन."

तिने ताटली बाजूला ठेवून तो हात धरला. नाकाजवळ नेला. तिथेच धरून ठेवला.

"तुला किळस येते ना," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"पहिल्या दिवशी तोंड फिरवून गेलीस."

भाभी त्याच्याकडे बघत राहिली. "त्या वर्षी आई गेली होती ना. तुमच्या हाताला तिच्या हाताचा वास आला. रडू यायला लागलं. नवीन घर, नवीन माणसं, कोणासमोर रडायचं? म्हणून आत गेले."

तो खाटेच्या कडेला बसला.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "किळस तुम्हाला येते. आमच्या घरच्या खाण्याची. म्हणून एवढे घासून येता. रोज दार उघडताना वाटायचं, आज नळाला पाणी नसलं तर बरं."

मी खिडकीतून बाहेर पाहत होतो. समोरच्या गच्चीवर कोणी चादरी वाळत घातल्या होत्या. मी त्या मोजल्या. सात होत्या.

"तुला माहीत होतं, तुला चालतं म्हणून?" त्याने विचारलं.

"माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? सांगितलंत."

"एकतीस वर्षं?"

"पहिली दोन वर्षं जड गेली. मग सवय झाली. सवय झाल्यावर काय बोलायचं." तिने तिसरी चकती घेतली, चावली. गिळता आली नाही. रुमालात काढली, रुमालाची नीट घडी घातली. "पुरे आता. उरलेलं भाऊंना द्या. त्यांनी ट्यूब खाल्ली."

मी ते खाल्लं. ती बघत होती म्हणून सगळं खाल्लं. तिसरा माकूळ बर्फातच राहिला. तो म्हणाला, उद्या करू. दुसऱ्या दिवशी तिला पाणीही जाईना. अकराव्या दिवशी ती गेली.

तो पुन्हा कामावर आला तेव्हा दुपारी डबा न उघडता मला म्हणाला, "आठवड्याला एकदा धरलं, तर एकतीस वर्षांत किती वेळा झालं असतं?" मला हिशेब येतो. मी केला नाही. म्हणालो, "जेव."

संध्याकाळी भोंगा वाजला. तो मागच्या नळाकडे वळला नाही. आमच्याबरोबर पुढच्या नळाखाली हात धरले, दोन मिनिटं, आणि फाटकाकडे निघाला. कोणीतरी म्हणालं, "पंचनामा, तुझा नळ तिकडे." त्याने मान वळवली नाही. पुन्हा कोणी म्हणालं नाही.

त्यानंतर तो चार वर्षं कामाला होता. हात तसाच, शंभरात एक. मी त्याच्या घरी जायचो. कुलपावर, कडीवर, दाराच्या कडेला जिथे हात लागतो तिथे काळे डाग पडले होते. मुलगी यायची तेव्हा पुसायची. आठवड्यात पुन्हा पडायचे.

आम्ही एकाच वर्षी निवृत्त झालो. माझे गुडघे गेले, त्याची दृष्टी. तीन महिन्यांनी तो माझ्याकडे आला. चहा ठेवला तर कप उचलण्याआधी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. नखं स्वच्छ. पेरांत काही नाही. म्हाताऱ्या माणसाचे साधे हात.

"वाळू नाही, ब्रश नाही," तो म्हणाला. "आपोआप गेली."

मग हात नाकाजवळ नेले, वास घेतला आणि खाली मांडीवर ठेवले. चहा निवून गेला. मी दुसरा करायला उठलो.